धुळीचा नियम

"चौगुलेबाई, मोठ्या माणसांना मुळाक्षरं शिकवाल का?"

बालवाडीच्या दारात चपला काढून सबनीस सर उभे होते आणि माझी पोरं खेळ सोडून त्यांच्याकडे टकामका बघत होती. एकानं तर त्यांच्या शबनम पिशवीत हातच घातला. मी त्याला मागं ओढलं आणि विचारलं, "कुणाला शिकवायचंय सर?"

"आमच्या नटांना." सर जरा घुटमळले. "म्हणजे त्यात तुमचे यजमानही आलेच."

मला हसूच फुटलं. आमचे हे रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, आणि मधेमधे मला मोठ्यानं वाचून दाखवून माझं डोकं उठवायचे. त्यांना म्हणे मुळाक्षरं येत नाहीत!

"सर, तुमची कुणीतरी चेष्टा केलीय."

"चेष्टा नाही हो. ट-ठ-ड-ढच्या आसपास आले की सगळे थांबतात. विसरतो म्हणतात. स्पर्धा तोंडावर आलीय, आणि माझा पहिलाच प्रवेश उभा राहत नाही."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा आम्ही कोल्हापूरला उद्यमनगराच्या मागच्या वस्तीत राहत होतो. हिंदुराव, म्हणजे आमचे हे, तिथल्याच एका फौंड्रीत साचे करायचे. वाळूचा साचा, त्यात ओतलेलं लोखंड, थंड झालं की साचा फोडायचा, की परत वाळू. अठरा वर्षं हेच. पण माणूस मूळचा नाटक्या. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत फौंड्रीचं नाटक दरवर्षी असायचं आणि दरवर्षी आपटायचं. त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी मनावर घेतलं आणि कॉलेजातल्या सबनीस सरांना बोलावलं. सर पदार्थविज्ञान शिकवायचे आणि विज्ञाननाटकं लिहायचे. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, की आपलं नाटक दुसऱ्या ग्रहावर घडणार. वस्तीत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. साच्याची वाळू झटकून हे लोक ग्रहावर निघाले!

पण सरांचं काम म्हणजे काम. ते म्हणायचे, "थाप एकच मारायची. असा एक ग्रह आहे, एवढीच. त्यानंतर एकही थाप नाही. ग्रह लहान म्हटला की त्याची ओढ कमी. ओढ कमी म्हणजे हवा विरळ. हवा विरळ म्हणजे डाळ शिजणार नाही." आणि खरोखरच त्यांनी जेवणाच्या प्रवेशातून डाळ काढून टाकली. देवापुढची समईही काढली, कारण ज्योत नीट जळणार नाही.

"मग सर, विडी?" ह्यांच्याबरोबर साचे करणाऱ्या बापू खोतांनी विचारलं होतं.

"विडी धुमसून विझेल."

"मग आपण न्हाई बाबा येत त्या ग्रहावर," बापू म्हणाले होते, आणि ह्यांनी घरी येऊन मला त्याची नक्कल करून दाखवली होती.

तर त्या नाटकात ग्रहावर एक खाण होती आणि ह्यांचं काम होतं खाणीच्या मुकादमाचं. नव्या कामगारांना आत घ्यायच्या आधी फाटकावर त्यांची परीक्षा व्हायची: एका श्वासात क पासून ज्ञ पर्यंत म्हणायचं. सरांच्या एका डॉक्टर मित्रानं त्यांना सांगितलं होतं, की छाती बघायची ही साधी आणि खरी रीत आहे. धडधाकट माणूस ज्ञ म्हणून वर हसूही शकतो. पहिल्या प्रवेशात मुकादम स्वतः म्हणून दाखवतो आणि मागोमाग सगळे नवे कामगार. सगळे पृथ्वीवरून नुकतेच उतरलेले, ताजेतवाने. आणि तिथंच आमची ही मंडळी अडत होती.

घरी आल्यावर मी ह्यांना धरलं. "काय हो, मुळाक्षरं विसरलात म्हणे?"

"व्हय," म्हणाले, आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"मग आत्ता काय वाचताय?"

"शालन, येतेस तर ये दोन दिवस. सरांपुढं जास्त बोलू नको म्हंजे झालं."

मला वाटलं, काहीतरी पुरुषी थट्टा चाललीय. गेले.

तालमी व्हायच्या एका व्यायाम मंडळाच्या माडीवर, कडेला जुना मल्लखांब होता तिथं. संध्याकाळी पाळी सुटली की माणसं तशीच यायची, हातपाय धुऊन, पण कपडे तेच. मी पोचले तेव्हा सर सगळ्यांना समोर बसवून धूळ समजावून सांगत होते. नाटकात खाणीची धूळ हाच खरा खलनायक होता, आणि सरांना त्याचा फार अभिमान.

"आता लक्ष द्या, म्हणजे अभिनय बरोबर होईल. जी धूळ डोळ्यांना दिसते ना, ती नाही मारत. ती नाकात अडकते, खाकरून बाहेर पडते. मारते ती न दिसणारी. दगड फुटला की वाळूचंच पीठ होतं, अगदी बारीक. ते थेट छातीच्या तळाला जातं. तिथं शरीराला ते विरघळवता येत नाही, बाहेर टाकता येत नाही. मग शरीर काय करतं? त्याच्याभोवती गाठ बांधतं. एक गाठ, दोन गाठी, शेकडो गाठी. फुप्फुस म्हणजे ओला स्पंज. त्याचा हळूहळू वाळका दोडका होतो."

"काय डोकं आहे सरांचं!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि चार जणांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि मेख पुढंच आहे." सरांनी बोट वर केलं. "म्हणून तर शेवटच्या प्रवेशात मुकादमाचं ते वाक्य आहे. कामगार म्हणतात, आम्ही परत पृथ्वीवर जातो, मोकळ्या हवेत बरे होऊ. मुकादम म्हणतो, जा, पण धूळ तुमच्याबरोबर येईल. कारण खाण सोडली, नवी धूळ थांबली, तरी आतल्या गाठी वाढतच राहतात. कळलं? परत जायला वाटच नाही. तिथं प्रेक्षक हलला पाहिजे."

टाळ्या वाजवणारे हात जरा मंद झाले. बापू खोतांनी आपल्या मनगटावरचा काळा थर अंगठ्यानं पुसला आणि परत पुसला. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते सरांकडे बघत नव्हते, खिडकीतून बाहेर बघत होते.

मी रोज त्यांचा शर्ट दारात झटकायची. त्यांची अंघोळ झाली की मोरीत तळाला बारीक वाळू राहायची आणि मी ती केरसुणीनं लोटून द्यायची. माझ्या मनात काहीतरी हललं, पण मी ते तिथंच दाबलं. ग्रहाची गोष्ट चाललीय बाई, म्हटलं, तू कुठं निघालीस?

मग सरांनी मला पुढं केलं. मी पोरांना बसवते तसं सगळ्यांना अर्धगोलात बसवलं. "चला, माझ्या मागं म्हणा. क."

"क," म्हणाले सगळे. ख. ग. घ. सावकाश म्हणत गेलो, प्रत्येक ओळीला थांबत. सगळ्यांनी ज्ञ पर्यंत स्वच्छ म्हटलं. बापूंनी तर ळ असा काही घोळवला की माझ्या बालवाडीतली पोरं लाजली असती.

"येतात की सगळी!" सर खूश झाले. "आता एका श्वासात. हिंदुराव, तुम्ही."

हे उठले. मान वर केली, छाती भरून घेतली आणि मोठ्या आवाजात सुरुवात केली. मुकादमच वाटत होते. च-छ-ज-झ पर्यंत झक्क. मग आवाज खाली आला. ट ला मान पुढं आली. ठ ला हात बाजूला गेला आणि मल्लखांबाला टेकला. ड ओठांवर आला, पण बाहेर आला नाही.

घरी जिना चढून आले की हे असेच दाराची चौकट धरायचे. मला वाटायचं, दमून येतो माणूस.

"परत विसरलात!" सरांनी कपाळावर हात मारला. "अहो, ड! डमरूतला ड!"

"व्हय सर," हे म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना थांबावं लागलं. "डोक्यातनं निसटतं."

मग बापू. बापू ण ला थांबले आणि हसले. "आम्ही ढ, सर. ढ च्या पुढं जाणार कुठं?" सगळे हसले. हसता हसता तिघांना खोकला आला. फक्त ऑफिसातला कारकून, जो दिवसभर पंख्याखाली बसायचा, त्यानं ज्ञ पर्यंत म्हटलं आणि वर दोन अक्षरांपुरता श्वास उरवला. सरांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "बघा, पाठांतर असलं की होतं."

ह्यांची नजर माझ्यावर होती. बोलू नको, असं ती नजर म्हणत होती. मी नाही बोलले.

परतताना रस्त्यावर दिवे नुकतेच लागले होते. मी मुद्दाम हळू चालत होते आणि आज पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की किती तरी दिवस मी हळूच चालत होते. त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे हळू चालायचं, हे माझ्या पायांना माझ्या आधी कळलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"अहो, मी काय सर आहे का? मला नका सांगू डोक्यातनं निसटतं म्हणून."

ते थांबले. पानपट्टीच्या कठड्याला टेकले. "समद्यांनाच हाय. बापूला माझ्यापेक्षा जास्त हाय. पण सर रोज मॅनेजरसाहेबांच्या गाडीतनं येतात. बोलता बोलता बोलून गेले, की झालं. ज्याला दम लागतो त्याला हिशेब देऊन घरी बसवत्यात. दत्तू गेला, गणू गेला."

"मग डॉक्टर?"

"कारखान्याचा डॉक्टर म्हणतो, विडी सोडा. मी कवा वढली विडी?" ते हसायला गेले आणि हसणं अर्धवट राहिलं. "म्हटलं, एवढी दिवाळी होऊ दे. बोनस झाला की राजीनामा टाकायचा आन् राधानगरीला जायचं, दादाकडं. दोन म्हशी घ्यायच्या. मोकळी हवा. वर्षात छाती साफ. हेच धरून चाललोय मी. आम्ही समदेच."

राधानगरीचं मी वर्षभर ऐकत होते. म्हशींची नावंसुद्धा ठरली होती. मी आपली चेष्टा करायची, की शहरातून उठून शेण काढायला कोण जाणार! मला वाटायचं, गावाची ओढ आहे. ती ओढ नव्हती. जगायचं कसं, याचा त्या माणसानं एकट्यानं केलेला विचार होता तो.

"दत्तूभाऊजी, गणूभाऊजी. ते गेले गावाला, ते बरे झाले का?"

"झाले असतील."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कुणी परत आलं न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी माझा हात धरला. रस्त्यात, चार माणसांदेखत. असा त्यांनी लग्नात धरला होता तेवढाच. "शालन, माझं एक काम कर. सरांना विचार. ते शेवटचं, काम सोडलं तरी गाठी वाढत्यात, ते खरं हाय का नाटकापुरतं घातलंय? मी विचारलं तर सर इचारतील कशाला पायजे. तू सहज विचारल्यागत विचार. बाकी समदं खरं असलं तरी चालंल मला. तेवढं एक विचार."

दुसऱ्या दिवशी मी माडीवर लवकर गेले. सर एकटेच होते, खडूनं जमिनीवर फाटकाची जागा आखत होते. मी आवाज शक्य तितका हलका ठेवला.

"सर, एक विचारू? ते धुळीचं... गावाला गेलं तरी वाढत राहतं ते. ते नाटकाला रंगत यावी म्हणून ना?"

सर उठून उभे राहिले. चेहरा असा फुलला, जणू मी त्यांना बक्षीस दिलं. "चौगुलेबाई, वा! हाच प्रश्न प्रेक्षकानं विचारायला हवा. ऐका. ग्रह खोटा आहे. खाण खोटी आहे. मुकादम खोटा आहे. पण धुळीबद्दलचं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी तीन डॉक्टरांना विचारून घेतलंय. एकदा विशिष्ट मर्यादेपलीकडे धूळ आत गेली, की माणूस हिमालयात नेऊन ठेवा, आजार पुढंच सरकतो. औषध नाही. अशी गोष्ट मनानं रचताच येत नाही हो, इतकी ती क्रूर आहे!"

ते आनंदानं बोलत होते. मला त्यांचा इतका राग आला, की तो खडू हिसकावून फेकून द्यावा. आणि त्यांच्या त्या भाबड्या चेहऱ्याकडे बघून रडूही आलं. मी म्हटलं, "सर, तुमच्या नाटकात काम करणारी माणसं दिवसभर काय करतात, तुम्हाला माहीत आहे?"

"म्हणजे काय! ओतकाम. साचे करतात."

"साचे कशाचे करतात?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांची नजर जमिनीवरच्या खडूच्या रेघेवर गेली, मग मल्लखांबावर, जिथं काल ह्यांनी हात टेकला होता. "मुळाक्षरं..." एवढंच म्हणाले ते. मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसले.

"आज तालीम नको," बऱ्याच वेळानं म्हणाले. "त्यांना सांगा, सरांची तब्येत बरी नाही."

मी जिना उतरले तेव्हा हे खाली कोपऱ्यावर वाट बघत उभे होते. मला बघून दोन पावलं पुढं आले.

"नाटकापुरतं," मी म्हणाले.

"आं?"

"सर म्हणाले, नाटकापुरतंच घातलंय. शेवटाला धक्का पाहिजे म्हणून. काम सोडलं की माणूस सावकाश बरा होतो."

आयुष्यात मी इतकं साफ खोटं कधी बोलले नव्हते. आणि ते लागू पडलं. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "तरी म्हटलं!" ते म्हणाले. "सर पण काय एकेक डोकं लढवत्यात! आमची झोप उडवली की." वाटेत त्यांनी मला भेळ खायला घातली. म्हशी जाफराबादी घ्यायच्या की मुऱ्हा, यावर घरापर्यंत बोलत राहिले, मधेमधे थांबत. मी हो हो म्हणत होते आणि मला वाटत होतं, निदान एवढं तरी मी दिलं.

सर एक दिवस सोडून आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला कोपऱ्यात घेऊन इतकंच म्हणाले, "माझ्या हातात आहे तेवढं करतो." मॅनेजरशी भांडून आले असतील असं मला वाटलं. पण त्यांनी पिशवीतून टाइप केलेले नवे कागद काढले आणि सगळ्यांना वाटले.

"शेवटचा प्रवेश जरा बदललाय. आजपासून हा करायचा. चौगुलेबाई, तुम्ही प्रॉम्प्टिंगला बसा."

मी कागद वाचला. मुकादमाचं वाक्य नवं होतं. 'जा, पृथ्वीवर पोचलात की मोकळ्या हवेत तुमची छाती वर्षभरात साफ होईल.'

त्या माणसानं दयेपोटी केलं होतं ते. आपल्या नटांना रोज रोज हे ऐकवायचं नाही, एवढंच त्याला सुचलं होतं. मी ह्यांना काय सांगितलंय हे त्याला माहीत नव्हतं, आणि ह्यांनी काय विचारायला पाठवलं होतं हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

"बरं केलंत सर," बापू म्हणाले. "शेवट गोड झाला."

आमचे हे मात्र कागद वाचत होते. एकदा वाचला, परत वाचला. मग सावकाश विचारलं, "सर, हे कुठल्या पुस्तकात मिळालं?"

"ते..." सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. "नवीन संशोधन आहे. परवाच वाचनात आलं."

सरांना खोटं बोलता येत नव्हतं. ज्या माणसानं कुणाच्याही सांगण्यावरून शास्त्राचा नियम कधी वाकवला नव्हता, तो आज आपल्याच नटांपुढं उभा राहून चष्मा पुसत होता. नाटकापुरतं घातलेलं असतं, तर ते बदलताना त्याची मान खाली गेली नसती. हे समजायला कॉलेजात जावं लागत नाही.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही बघितलं, देवाशपथ. परवा मी त्यांना जे दिलं होतं, ते सगळं त्यांनी त्या एका नजरेत परत केलं.

मग त्यांनी आपल्या हातातल्या कागदाची नीट चौघडी केली आणि ती सरांपुढं धरली.

"सर, जुनंच ऱ्हाऊ द्या."

"हिंदुराव, ऐका माझं. हा शेवट..."

"न्हाई सर. तुम्हीच शिकवलंय. थाप एकच." ते थांबले, श्वास घेतला. "हे कुणाला पटायचं न्हाई."

बापूंचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी आपला नवा कागद गुपचूप उलटा करून मांडीखाली ठेवला. सरांनी पुढं केलेला कागद घेतला, पण मान वर केली नाही.

हे मधोमध जाऊन उभे राहिले, मुकादमाच्या जागेवर. आणि जुनं वाक्य म्हणायला लागले. जा, पण धूळ तुमच्याबरोबर येईल. खाण सुटली तरी ती सुटायची नाही. तीन ठिकाणी त्यांना थांबावं लागलं. तिन्ही वेळा मी जुन्या कागदावर बोट ठेवून पुढचा शब्द सांगायला तयार होते. मला काहीच सांगावं लागलं नाही.